कार्यस्थळातील आध्यात्मिकतेचे मापन

कामातील अर्थपूर्णता, सहकाऱ्यांविषयीची आत्मीयता व आंतरिक जीवनाची जाणीव यांचा प्रश्नावलीद्वारा अंदाज घेण्याची पद्धती. तिचा विकास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. डॉन्डे ॲश्मॉस व डेनिस ड्यूशॉन यांनी २००० मध्ये आंतरिक जीवन, अर्थपूर्ण काम व समुदायभाव या घटकांवर आधारलेली मापनश्रेणी मांडली. जॉन मिलिमन व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये अर्थपूर्ण काम व समुदायभाव यांच्या जोडीला संस्थेच्या मूल्यांशी एकरूपता हा घटक घेतला. अशा मापनात रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ मधील पद्धतीस अनुसरून, दिलेल्या विधानांशी असलेली सहमती अंकांत नोंदवितात.

हे अंक व्यक्तीचे स्वतःविषयीचे कथन दर्शवितात. प्रत्यक्ष अनुभव नव्हे. शिवाय, यांतील काही घटक कार्यसमाधान व संस्थानिष्ठा या संकल्पनांच्या इतके निकट आहेत की, त्यांच्यातील सहसंबंध अंशतः व्याख्येतूनच उद्‌भवू शकतात. चार्ल्स फोर्नाचारी व कॅथी लंड डीन यांनी २००१ मध्ये केवळ प्रत्यक्षार्थवादी पद्धतींवर विसंबण्यास आक्षेप घेऊन गुणात्मक पद्धती व परंपरेतील कथा यांचा पुरस्कार केला.

मापनाची इष्टता त्याच्या हेतूवर अवलंबून असते. निनावी व ऐच्छिक संशोधन ग्राह्य ठरते; तथापि निवड वा बढती गुणांवर अवलंबून ठेवल्यास कर्मचारी अपेक्षित उत्तरेच देऊ लागतात आणि त्यांच्या श्रद्धास्वातंत्र्यासही बाध येतो. नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास तेथील १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने मनाई आहे. म्हणून व्यवस्थापनाने कर्मचाऱ्याच्या अंतःकरणाऐवजी त्याला मिळणारी वागणूक व कामाची परिस्थिती तपासणे अधिक युक्त होय.