एका न्यूट्रॉनची मोड

जपानमधल्या कामिओकाच्या डोंगरात, एक किलोमीटर खोल, न्यूट्रिनो टिपणाऱ्या सुपर-कामिओकांडेची 50,000 टन पाण्याची टाकी आहे. वर्षानुवर्षं जिवापाड शुद्ध राखलेल्या त्या पाण्यात 2020 साली शास्त्रज्ञांनी मुद्दाम गॅडोलिनियमचा क्षार विरघळवला. हेतू न्यूट्रॉन पकडून त्यावरून प्रतिन्यूट्रिनो ओळखण्याचा. प्रतिन्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला की न्यूट्रॉन सुटतो, आणि गॅडोलिनियम-157 मंद न्यूट्रॉन गिळण्यात हायड्रोजनला सात लाख पटींहून जास्त मागे टाकतं.

गिळल्यावर अणुकेंद्रात 7.94 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा शिल्लक उरते आणि ती गॅमा किरणांतून बाहेर पडते. बेरीज ठरलेली, पण नोटेची मोड दर वेळी निराळी. कधी दोन-तीन मोठी नाणी, कधी नुसती चिल्लर. अडचण अशी की टाकीला चिल्लर दिसतच नाही. गॅमा किरण इलेक्ट्रॉनला ढकलतो आणि तो इलेक्ट्रॉन पुरेसा वेगात असेल तरच पाण्यात चेरेंकोव्ह प्रकाश चमकतो. म्हणून मोड कशी होते हे आधी कळायला हवं.

अणुकेंद्र एका ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरतं तेव्हा गॅमा किरण सुटतो; मोड होते ती अशी. न्यूट्रॉन गिळून तयार झालेल्या गॅडोलिनियम-158च्या तळाच्या ऊर्जापातळ्या मोजलेल्या आहेत : पहिली 79.5 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर, दुसरी सुमारे 261वर. वर जावं तशी दाटी वाढते. आठ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास दोन पातळ्यांत जेमतेम काही इलेक्ट्रॉनव्होल्टचं अंतर उरतं. त्या एकेक करून कोण मोजणार?

इथे सिद्धान्त जे करतो ते मला जवळजवळ उद्धट वाटतं. तो पातळ्या चक्क कल्पून घेतो! हान्स बेथे यांनी 1936 मध्ये पातळ्यांच्या दाटीचं सूत्र दिलं होतं. ती सरासरी पाळून संगणक पातळ्या हव्या तिथे पेरतो. कोणत्या ऊर्जेचा किरण किती सहज सुटेल, हे ठरवायला डेव्हिड ब्रिंक यांचं 1955चं गृहीतक हाताशी असतं : ते किरणाच्या ऊर्जेवर अवलंबून, सुरुवातीच्या पातळीवर नाही. मग हजारो वेळा मोड करून बघायची. प्रागच्या फ्रांतिशेक बेच्वार्झ यांची डाइसबॉक्स ही प्रणाली हेच करते, आणि दर फेरीला नवंच काल्पनिक अणुकेंद्र घडवते. खाली उतरल्यावर मात्र खऱ्या, मोजलेल्या पातळ्या लागतात.

ओकायामा विद्यापीठाच्या गटाने जपानमधल्या जे-पार्क या त्वरक-केंद्रात जर्मेनियमच्या शोधक-यंत्रांनी हे किरण प्रत्यक्ष मोजले आणि स्वतःचं प्रारूप त्यांच्याशी ताडून पाहिलं. गॅडोलिनियम-157च्या बाबतीत सुमारे 93 टक्के किरणोत्सर्ग अशा सरासरीच्या हिशेबात बसला. उरलेल्या 7 टक्क्यांत ठळक, सुट्या रेषा आहेत. सरासरी त्यांना जुमानत नाही. त्या मोजून, एकेक करून प्रारूपात हाताने भराव्या लागतात.