एक गायिका, तीन नावं: सुलोचना चव्हाण यांची कारकीर्द शोधायची कशी?

विषय ठरवताना आपण 'काय शोधायचं' एवढंच ठरवतो. 'कुठल्या नावाने शोधायचं' हा प्रश्न नंतर येतो, आणि तोवर सहा महिने गेलेले असतात. माझं एमएस्सी संख्याशास्त्रातलं. माहिती एकदा तक्त्यात भरली की अर्धं काम झालं, असं मला वाटायचं. गिरगावातल्या एका गायिकेने तो भ्रम घालवला.

सुलोचना चव्हाण म्हटलं की तुमच्या डोक्यात लावणीच येणार. आचार्य अत्र्यांनी 'लावणीसम्राज्ञी' म्हटलं आणि ती पदवी कायमची चिकटली. आता जुन्या तबकड्यांच्या यादीत हे नाव टाकून बघा. सुरुवातीची वर्षं जवळपास रिकामी दिसतील. मग काय, त्या तेव्हा गात नव्हत्या? गात होत्या की! फक्त सुलोचना कदम या नावाने, काही ठिकाणी के. सुलोचना म्हणून. फणसवाडीतली ही मुलगी आधी बालमेळ्यात उभी राहिली, मग कोवळ्या वयातच हिंदी पार्श्वगायनात गेली. १९५१ च्या 'ढोलक'मधली श्यामसुंदर यांच्या संगीतातली तिची गाणी ऐका. त्यात लावणीचा ठसका शोधूनही सापडत नाही.

बरं, नुसतं 'सुलोचना' शोधलंत तर उलटा घोळ. मूकपट गाजवणाऱ्या रुबी मायर्स याच नावाने पडद्यावर यायच्या, आणि आपल्या सुलोचनादीदी, म्हणजे सुलोचना लाटकर, आहेतच. म्हणजे एका व्यक्तीची तीन नावं आणि एका नावाच्या तीन व्यक्ती. दोन्ही चुका एकाच तक्त्यात होऊ शकतात. माझ्या झाल्या.

लावणी त्यांच्याकडे कशी आली, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'कलगीतुरा'चे दिग्दर्शक एस. चव्हाण यांच्याशी लग्न झालं. लावणीतला शब्द कसा टाकायचा, कुठे तोडायचा, हे त्यांच्याकडून शिकल्याचं बाई स्वतः सांगत. मग 'रंगल्या रात्री अशा' (१९६२), 'सवाल माझा ऐका' (१९६४), 'मल्हारी मार्तंड' (१९६५). पडद्यावर दुसरी नटी नाचते आणि बाई माइकसमोर दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन ताठ उभ्या.

इथेच थांबून विचार करा. त्यांच्या गाण्यांवरून 'लावणी कलावंत बायकांचं आयुष्य' असा निष्कर्ष काढलात तर गफलत होईल. फडावर किंवा बैठकीत स्वतः अदा करून गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांचं जग वेगळं होतं. ज्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत, त्या तर आपल्या नमुन्यात येणारच नाहीत. नमुना निवडीतला पूर्वग्रह म्हणतात तो हाच. आपल्याकडे तो आकड्यांत दिसतो, इथे माणसं गायब होतात.

दुसरी एक गल्लत जमैकाकडे पाहिल्यावर कळते. तिथलं डान्सहॉल संगीतही नाचाशी बांधलेलं आणि चावट म्हणून नाक मुरडलं गेलेलं. सिस्टर नॅन्सी यांचं १९८२ चं 'बॅम बॅम' जगभर वाजलं, कित्येकांनी त्याचे तुकडे आपल्या गाण्यात वापरले. त्या मात्र अमेरिकेत जाऊन बँकेत हिशेबाची नोकरी करत होत्या. गाण्याच्या मानधनाचा वाटा मिळाला तो कितीतरी वर्षांनी. म्हणजे गाण्याचा आलेख आणि गाणारीचा आलेख एक नव्हे. सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली २०२२ साली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. गाजलेल्या लावण्यांना तोवर जवळपास साठ वर्षं झाली होती. फक्त पुरस्कारांच्या तारखा मांडल्या तर त्यांची भराची वर्षं कोरीच दिसतील.

आता मी तक्त्यात प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक देते आणि नावं वेगळ्या रकान्यात टाकते. लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, तबकडीवर छापलेलं, लोकांनी दिलेलं. पुरुष गायकांसाठीही तेच चार रकाने ठेवलेत. त्यांचे पहिले दोन भरायची वेळ अजून आलेली नाही.