थर्टीन की थर्टी?

उल्हासनगरात पत्ता म्हणजे आकडे. बॅरक नंबर, खोली नंबर, सेक्शन आणि शेवटी कॅम्प एक. रस्त्याचं नाव सांगितलंत तर रिक्षावाला तुमच्याकडेच बघत बसतो; बॅरकीचा नंबर सांगितलात तर पुढचं काही विचारत नाही. गावाचा जन्मच तसा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या शेजारी लष्कराची छावणी उभी राहिली, युद्ध संपल्यावर ती ओस पडली, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बॅरकींमध्ये मध्ये पडदे लावून राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली, ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं, पण कॅम्प एक ते कॅम्प पाच ही मोजणी काही सुटली नाही. पुढे पिनकोड आले तेव्हा ४२१००१ आमच्या कॅम्पच्या वाट्याला आला.

अशा गावात इंग्रजी आकडे शिकवायला त्रास पडू नये, असं कुणालाही वाटेल. मी इथे बरीच वर्षं नवशिक्यांना इंग्रजी शिकवते. शाळेतली पोरं येतात, दुकानावरचे कामगार येतात, दुपारी घरचं आवरून बाया येतात. या सगळ्यांकडे बघून आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांचं ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. कॅम्प एकला इंग्रजी आकडे शाळेनं कमी आणि गल्लीनं जास्त शिकवले. शाळा ज्या टोकापासून सुरुवात करते, ते टोकच चुकीचं आहे.

पहिल्या पिढीकडे आकड्यांची वानवा नव्हती, उलट गर्दीच होती. सिंधी शाळेत अरबी वळणाच्या लिपीतले आकडे, जुन्या व्यापाऱ्याच्या वहीत हटवाणिका या व्यापारी लिपीतले, मराठी शाळेत देवनागरी आणि सरकारी कागदावर इंग्रजी. एका भिंतीच्या अलीकडे हिकु, ब, टे, चार, पंज. पलीकडे एक, दोन, तीन, चार, पाच. ‘चार’वर तेवढं दोन्ही बिऱ्हाडांचं एकमत.

हिशेब मात्र दोघांचाही तोंडी आणि पक्का. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. असा रुपया मोडायचा तर पाढेही तसेच लागत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनाची औटकी. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, मागोमाग मेट्रिक वजनं आली, आणि या पाढ्यांची गरज संपली. त्याची हळहळ करायचं कारण नाही. पोरांच्या डोक्यावरचा भार उतरला हे बरंच झालं. पण सव्वा, दीड, अडीच हे शब्द काही गेले नाहीत, आणि इंग्रजी शिकताना आजही तेच आडवे येतात. कापडाच्या दुकानातल्या माणसाच्या तोंडात ‘अडीचशे’ तयार असतं. त्याचे आधी मनात दोनशे पन्नास करायचे, मग ‘टू फिफ्टी’ म्हणायचं. तेवढ्यात गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. घड्याळाच्या बाबतीत मात्र मराठी माणूस नशीबवान आहे. ‘पावणेआठ’ ज्याला कळलं, त्याला ‘क्वार्टर टू एट’ समजावून सांगावं लागत नाही. दोन्हीकडे आठाला पाव कमी.

त्या काळी मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होतं, नंतर महाराष्ट्रात पाचवीपासून आलं. म्हणजे इंग्रजी आकडा समोर यायचा तेव्हा पोराचं गणित बऱ्यापैकी पुढे गेलेलं असायचं. सत्तेचाळीस म्हणजे किती हे त्याला ठाऊक होतं, फक्त त्याचं इंग्रजी नाव शिकायचं होतं. हा फरक लहान वाटतो, पण नंतरची सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

गल्लीत दरम्यान वेगळंच चाललं होतं. शहाडला सेंच्युरी रेयॉन सुरू झाली, कोकणातून, घाटावरून माणसं आली. ज्यांना एबीसीडी येत नव्हती तेही ‘फस्ट शिफ्ट’, ‘सेकंड शिफ्ट’ बोलू लागले. वन, टू, थ्री यायच्या आधी फस्ट, सेकंड, थर्ड! कोणत्याही पुस्तकात हा क्रम सापडणार नाही. मग एसटीडी बूथ आले. ०२५१ हा आमचा कोड, तो ‘झीरो टू फाइव्ह वन’ असाच सांगितला जायचा. बूथवरच्या पोराला नंबर ऐकून लगेच फिरवावा लागे. चुकला तर पैसे गिऱ्हाइकाचे आणि शिव्या त्याला. ‘डबल टू’, ‘ट्रिपल फाइव्ह’ हे सगळं तो असंच शिकला. मला वाटतं, गावानं ऐकून लिहिण्याचा इतका चांगला वर्ग पुन्हा कधी भरवला नाही. आज मराठी माणूस घरात शुद्ध मराठी बोलतो आणि मोबाइल नंबर तेवढा इंग्रजीत सांगतो, त्याचं मूळ मला त्या पिवळ्या पाट्यांखाली दिसतं.

शाळेनं मोठी उडी घेतली ती २००० साली. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. हेतू चांगलाच होता. गरिबाच्या पोरानं पाचवीपर्यंत का थांबायचं? कॅम्प एकमधले सिंधी पालक त्याच्या आधीच इंग्रजी माध्यमाकडे वळले होते, सिंधी माध्यमाचे वर्ग ओस पडत चालले होते. पण आता सहा वर्षांच्या मुलावर दोन मोजण्या एकदम आल्या, आणि त्या एकमेकींशी भांडतात. मराठीत, हिंदीत, सिंधीत एकक आधी येतो: पंच-वीस. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. ‘ट्वेंटी-फाइव्ह’ सांगितलं की मूल मनात पंचवीस म्हणतं आणि पाटीवर आधी पाच लिहून मोकळं होतं. झाले ५२. गंमत अशी की तेरा ते एकोणीसमध्ये इंग्रजीचाही क्रम आपल्यासारखाच उलटा आहे: फोर-टीन, चार आधी. म्हणजे विसापर्यंत मुलाला जे जमलं, तेच एकविसाला मोडतं.

याच दुखण्यावर बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात औषध काढलं. एकवीसबरोबर ‘वीस एक’, सत्तावीसबरोबर ‘वीस सात’ असं वाचनही दिलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी ही जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, दाक्षिणात्य भाषांत आणि इंग्रजीत दशक आधी येतो, असं त्यांचं म्हणणं. मग काय, महाराष्ट्र पेटला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर कोट्या झाल्या. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, हे त्या गदारोळात कुणी ऐकून घेतलं नाही. नॉर्वेत हेच १९५१ मध्ये झालं होतं. तिथेही ‘तीन आणि वीस’ म्हणत, आणि टेलिफोनवर नंबर चुकतात म्हणून सरकारनं ‘वीस तीन’ म्हणायचं ठरवलं. शाळांनी ते उचललं, तरी जुनी पद्धत बोलण्यातून लगेच गेली नाही. मला नारळीकरांचं म्हणणं पटतं, पण इंग्रजीच्या शिक्षिकेच्या स्वार्थापोटी. वीस-पाचची सवय झालेलं मूल ट्वेंटी-फाइव्हला अडखळत नाही.

मात्र माझ्या वर्गातला मोठा घोटाळा क्रमाचा नाही, पाठांतराचा आहे. ‘वन टू हंड्रेड’ घडाघडा म्हणणारं पोर समोर उभं करा आणि ‘फॉर्टी-सेव्हन लिही’ म्हणा. ते बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवतं आणि फॉर्टी-वन, फॉर्टी-टू करत जिना चढत येतं. त्याला आकडा येत नाही, त्याला रांग येते. रांगेतून एकाला बाहेर काढलं की ओळख संपली. मोठ्यांचं दुखणं निराळं. पापडाच्या पाकिटांचं काम करणारी एक बाई एकदा वैतागून म्हणाली, “टीचर, तुम्ही पंधरा म्हणता आणि मला पन्नास ऐकू येतं. फोनवर ऑर्डर घेऊ कशी?” तिचं बरोबर होतं. मराठीत आपण शब्दाच्या एखाद्या भागावर मुद्दाम जोर देत नाही. फिफ्टीन आणि फिफ्टी आपण सारख्याच ठोक्यात म्हणतो. फरक उरतो तो शेवटच्या ‘न’चा, आणि गोंगाटात पहिला तोच पडतो. ‘टीन’ लांबवून, त्याच्यावर जोर देऊन म्हणा, ‘फिफ्टी’त जोर पहिल्या अक्षरावर ठेवा, हे मी फळ्यावर लिहून सांगितलं. मान सगळ्यांनी हलवली. फरक कुणाला पडला नाही.

पडला तो हाउजीनं. कॅम्प एकमध्ये हाउजी, म्हणजे पुकारलेले आकडे तिकिटावर खोडण्याचा खेळ, काही नवी नाही. गणपतीच्या मंडपात, सिंधी मंडळींच्या पिकनिकला, भिशीच्या दुपारी ती असतेच. मी तिकिटं वर्गात आणली ती कंटाळा घालवायला. पण नंबर पुकारणाऱ्याची पद्धत नीट ऐका: “वन अँड थ्री, थर्टीन.” “थ्री अँड झीरो, थर्टी.” आधी सुटे अंक, मग आकडा. थर्टीन की थर्टी हा प्रश्नच उरत नाही. गोंगाटात ऐकू जावं म्हणून कुणीतरी कधीतरी ही रीत पाडली, आणि ती माझ्या फळ्यावरच्या सगळ्या नियमांहून सरस निघाली. तिकीटही बघण्यासारखं आहे. तीन ओळी, नऊ रकाने, सत्तावीस घरं, त्यांत १५ आकडे. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, तिसऱ्यात विशी, आणि शेवटच्यात ८० ते ९०. ‘सिक्स्टी’ एवढं ऐकलं की नजर सातव्या रकान्यात जायला हवी, पुढचं ‘एट’ ऐकेपर्यंत बोट जागेवर हवं. इंग्रजी आकड्यात दशक आधी का ऐकायचा, हे तिथे समजावून सांगावं लागत नाही. जो ऐकत नाही त्याचं पहिले पाच आकडे खोडण्याचं, ‘जल्दी पाच’चं बक्षीस जातं. आणि पिशवीतून आकडा निघतो तो रांगेतून निघत नाही. जिना चढायला वेळच नाही.

पापडवाली बाई आधी नुसती खेळायची. मग मी तिला पुकारायला बसवलं. ऐकण्यापेक्षा पुकारणं अवघड, कारण समोरच्या बाया लगेच ओरडतात: “काय गं, फिफ्टी का फिफ्टीन?” तिनं आपली आपणच युक्ती काढली, सुटे अंक दोनदा म्हणायचे. आता फोनवर ऑर्डर घेतानाही ती तसंच करते: “वन फाइव्ह, फिफ्टीन पॅकेट, बरोबर?” व्याकरण माझ्या पुस्तकात बसत नाही, पण पाकिटं मोजून पंधराच जातात.

लिहिण्याचं दुखणं उरतंच. फोर, फोर्टीनमध्ये ‘यू’ आहे आणि फॉर्टीत तो गायब. व्यापाऱ्यांच्या गावात चेकवर रक्कम अक्षरी लिहिताना या एका ‘यू’नं पुष्कळांना अडवलंय. लाखानंतरचे स्वल्पविराम आणि मिलियनचा गोंधळ तर वेगळाच. तो नवशिक्यांच्या वाटेला लवकर जात नाही म्हणून मीही जात नाही. आता चेक कमी झाले. गल्लीत नवा मास्तर आलाय, दुकानातला पैसे जमा झाल्याचं सांगणारा डबा. काही दुकानदारांनी तो मुद्दाम इंग्रजीवर ठेवलाय. दिवसभर तो आकडे ओरडतो, कधीच क्रमानं नाही, आणि प्रत्येक आकड्यामागे खरे पैसे. गल्ल्यावर बसलेलं पोर मान वर न करता ऐकतं आणि ‘टू थर्टी आले, वीस कमी’ म्हणून गिऱ्हाइकाला थांबवतं. तेच पोर शाळेत इंग्रजीत कच्चं म्हणून माझ्याकडे पाठवलेलं असतं.

शाळेत अजूनही साहेब तपासणीला आले की एक हुशार मूल उभं करतात. ते वन टू हंड्रेड म्हणतं, टाळ्या होतात, चहा येतो. कुणी साहेबानं एकदा मधूनच थांबवून ‘फिफ्टीच्या आधी काय?’ एवढंच विचारून बघावं.