मुखत्यारी आणि तिची मर्यादा

चिंतामणी गणपतीमुळे सर्वदूर परिचित असलेल्या कळंबच्या शिवारात एखादा शेतकरी बांधावर उभा राहून कपाशीचे छायाचित्र घेतो आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत आपला पेरा नोंदवतो, तेव्हा त्याच्या हातातील अँड्रॉइड फोनच्या अंतर्भागी, सर्व उपकरणांवर ज्याची हुकमत चालते, तो लिनक्स कर्नल कार्यरत असतो. प्रत्येक ॲपला अँड्रॉइड स्वतंत्र ओळखक्रमांक देते आणि त्यावरूनच कर्नल एकाच्या खासगी फायली दुसऱ्याच्या हाती पडू देत नाही.

ॲपचा अधिकार असा ठरला. परंतु खुद्द कर्नलच्या पोटातील सेवांनी कोणाच्या अधिकाराने काम करावे? संगणकांवरील लिनक्समध्ये, दूरच्या सर्व्हरवरून आलेल्या फायलींच्या प्रती स्थानिक डिस्कवर जपणारी कॅशफाइल्स ही सेवा पाहा. फाइल मागणाऱ्या सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने ती चालली, तर प्रतींच्या कोठारात तिला प्रवेश मिळणार नाही. आणि त्या वापरकर्त्यालाच कोठार खुले केले, तर इतरांच्या प्रती उघड्या पडतील.

मार्च २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीत डेव्हिड हॉवेल्स यांची जी रचना आली, तिने हा पेच सोडवला. जमिनीच्या व्यवहारात मुखत्यारपत्र ठरावीक कामापुरते लिहून द्यावे, तसा सेवेसाठी अधिकारांचा स्वतंत्र दस्तऐवज तयार होतो, काम चालू असेपर्यंत तो अमलात राहतो आणि काम संपताच मूळ अधिकार पूर्ववत होतात. अमलात आलेल्या दस्तऐवजात खाडाखोड चालत नाही. बदल हवा तर नवी प्रत करून, ती दुरुस्त करून मगच लागू करावी लागते, म्हणजे अर्धवट बदललेला अधिकार कोणाच्या वाचनात येत नाही.

दस्तऐवज तयार करणाऱ्या ‘प्रिपेअर कर्नल क्रेड’ या फंक्शनला मात्र, तो कोणाच्या नमुन्यावरून करायचा हे न सांगता रिकामा निर्देश दिला, तर ते सर्वाधिकारी रूटचेच अधिकार बहाल करी. कर्नलमध्ये शिरकाव करणाऱ्या हल्लेखोरांनी वर्षानुवर्षे याच सोयीचा गैरफायदा घेतला. फेब्रुवारी २०२३ मधील ६.२ आवृत्तीपासून तो निर्देश नामंजूर होऊ लागला.

हल्लेखोरांच्या सर्व वाटा त्याने बंद झाल्या नाहीत, तरी त्यामागील तत्त्व मोलाचे आहे. ज्याच्या हाती सर्व सत्ता एकवटली आहे, त्याच्याच घरातील सेवकांनी कोणाच्या वतीने आणि किती अधिकाराने काम चालले आहे हे प्रत्येक वेळी नमूद करावे, हाच सुरक्षिततेचा पाया होय. कारण अधिकार न सांगता मिळू लागला की तो कोणालाही मिळतो.