सामासिक शब्दांतील अक्षरविभाजन व आघात

सामासिक शब्दांतील अक्षरविभाजन म्हणजे दोन किंवा अधिक पदांपासून बनलेल्या शब्दाची उच्चारानुसार होणारी अक्षरांची फोड. मराठीत लेखनातील अक्षर आणि उच्चारातील अक्षर नेहमी एकच नसते. 'आर्वी' या वर्धा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाच्या नावात रफार 'वी'वर लिहिला जातो. उच्चारात मात्र तो 'र्' आधीच्या अक्षराला मिळून आर्-वी अशी फोड होते.

== अन्त्य 'अ'चा लोप ==
मराठीत अकारान्त शब्दाच्या शेवटचा 'अ' सहसा उच्चारला जात नाही. समासात पहिल्या पदाच्या शेवटीही हाच लोप टिकतो. वर्धा जिल्ह्यातील स्थलनामांत हे स्पष्ट दिसते :

* पुलगाव : पुल्-गाव्
* हिंगणघाट : हिं-गण्-घाट्
* समुद्रपूर : स-मुद्-र-पूर् (जोडाक्षरानंतरचा 'अ' टिकतो)

पदांची सीमा बदलली की फोडही बदलते. 'नगरात' हा शब्द सहज बोलण्यात नग्-रात् असा होतो, पण 'नगरपरिषद' या समासात 'नगर' हे पद अखंड राहून न-गर् असा उच्चार होतो. देवनागरी लेखनात ही सीमा दाखवली जात नाही. त्यामुळे नवशिक्या वाचकाला आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीला समासाची पदे ओळखता आली तरच योग्य उच्चार साधतो. अक्षरगणवृत्तात मात्र लिहिलेला 'अ' मोजला जातो. म्हणून बोलताना दोन अक्षरांचा 'देवघर' वृत्तात चार अक्षरांचा ठरतो.

== आघात ==
जोडाक्षरापूर्वीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात आल्यास ते गुरू होते. 'दर्या' (समुद्र) याची फोड दर्-या अशी, तर 'दऱ्या' (दरीचे अनेकवचन) याची द-ऱ्या अशी होते. 'आचार्यास' व 'आचाऱ्यास' यांतही असाच भेद असून पहिला शब्द गुरूसाठी, तर दुसरा स्वयंपाक्यासाठी आहे. रफार आणि 'ऱ्य' ही दोन चिन्हे लेखनात हाच भेद राखतात.

== इंग्रजीशी तुलना ==
इंग्रजीत सामासिक नामाचा मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर असतो. 'ब्लॅकबर्ड' उच्चारताना 'ब्लॅक'वर जोर दिल्यास एका विशिष्ट पक्ष्याचा बोध होतो. 'बर्ड'वर जोर दिल्यास कोणताही काळा पक्षी असा अर्थ निघतो. 'ग्रीनहाउस' म्हणजे रोपांसाठीचे हरितगृह. जोर 'हाउस'वर गेल्यास हिरव्या रंगाचे घर. मराठीत समास आणि पदसमूह यांतील अर्थभेद अशा आघाताने होत नाही. त्यामुळे मराठी भाषक विद्यार्थ्याला इंग्रजी सामासिक शब्दाच्या वर्णलेखनाबरोबर त्याचे आघातस्थानही लक्षात ठेवावे लागते.