परवरदिगारची तबकडी

मुलांनो, 'परवरदिगार' म्हणजे पालनकर्ता, हे तुम्हांला सांगायला नकोच. अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) मेहेराबाद येथे मेहेरबाबांची समाधी आहे. तेथे त्यांची 'परवरदिगार' ही प्रार्थना म्हणतात.

लंडनच्या 'द हू' या रॉक वाद्यवृंदातील गिटारवादक पीट टाउनशेंड हे बाबांचे अनुयायी. त्यांनी या प्रार्थनेवरून गाणे रचले. बाबांच्या अनुयायांसाठी १९७० साली एक तबकडी निघाली होती. १९७२ साली 'आय अ‍ॅम' ही दुसरी निघाली. तिच्यात हे गाणे आले. दोन्ही तबकड्यांच्या प्रती थोड्याच होत्या. मग काय! अमेरिकेत लोकांनी चोरून नकला काढल्या. तेव्हा कंपनीने आग्रह धरला आणि त्याच वर्षी 'हू केम फर्स्ट' ही तबकडी बाजारात आली. तिच्यातील शेवटचे गाणे तेच. शब्द इंग्रजी, पण हाक मात्र 'परवरदिगार' हीच राहिली.