माळ्यावरचे सायक्लोस्टाइल कागद

मंडळातल्या एका घरी माळा आवरताना जुन्या कार्यक्रमपत्रिकांचा आणि आरत्यांच्या पानांचा गठ्ठा निघाला. कागद जाडसर, कडा पिवळ्या, अक्षर काळं आणि थोडं फुगलेलं. नातवंडांनी विचारलं, "हे टाइप केलंय की छापलंय?" घरातल्या मोठ्यांनी "सायक्लोस्टाइल आहे" एवढं सांगितलं आणि पुढचं सांगताना सगळेच अडखळले. म्हणून हा लेख. आणखी एक कारण म्हणजे, काही वर्षांपूर्वी कपाटात जागा नाही म्हणून मंडळाच्या जुन्या सूचनापत्रांचा एक गठ्ठा आम्हीच रद्दीत घातला होता. त्यात काय होतं हे आता कोणालाच नीट आठवत नाही. दुसरी प्रत कुठे असेल तर ती तुमच्याच घरी.

सायक्लोस्टाइल समजायला रांगोळीचा छापा हाताशी घ्या. पत्र्याला बारीक भोकं पाडलेली असतात. छापा जमिनीवर ठेवून वर रांगोळी फिरवली की ती भोकांतून खाली उतरते आणि नक्षी उमटते. छापा उचलून पुढच्या उंबऱ्यावर ठेवला की तीच नक्षी पुन्हा. स्टेन्सिलची छपाई ती हीच. खिळे जुळवायचे नाहीत, ठसा कोरायचा नाही. जिथे अक्षर हवं तिथे वाट मोकळी करायची आणि शाई आरपार जाऊ द्यायची.

छाप्यात नुसती भोकं का असतात, सलग रेषा का कापत नाहीत? पत्र्यात 'व' किंवा 'ठ' कापून पाहा. मधला गोल निखळून पडतो. तो धरून ठेवायला पत्र्याचे छोटे पूल सोडावे लागतात, आणि पोत्यांवर, खोक्यांवर रंगवलेली अक्षरं म्हणूनच मध्ये तुटलेली दिसतात. भोकांच्या छाप्याला ही अडचण येत नाही. थॉमस एडिसनने १८७६ मध्ये ज्या विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं त्यातली युक्ती हीच होती. वर छोटी मोटर, खाली वेगाने वरखाली होणारी सुई. लिहीत गेलं की कागदावर टिंबाटिंबांचं अक्षर तयार, मग त्यावरून शाईचा रोलर. (जत्रेत गोंदवायचं यंत्र पाहिलंय ना? सॅम्युअल ओरायली याने १८९१ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं पेटंट घेतलं, ते एडिसनच्या याच पेनाच्या धर्तीवर.)

पुढची पायरी डेव्हिड गेस्टेटनर यांची. मूळचे हंगेरीचे, लंडनमध्ये स्थायिक झालेले. १८८१ च्या सुमारास त्यांनी असं पेन केलं की ज्याच्या टोकाला दात असलेलं बारीक चाक होतं. मेण लावलेल्या पातळ कागदावर ते फिरवलं की चाकाचे दात मेणाला छेद देत जात. 'सायक्लोस्टाइल' या नावातलं चक्र ते हे. मराठीत आपण 'चक्रमुद्रित' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर हँडल मारून फिरणारा ड्रम येतो, पण नाव पडलं ते पेनाच्या टोकावरच्या चाकावरून.

आपल्या घरांतले कागद ज्या पद्धतीचे आहेत तिच्यात स्टेन्सिल म्हणजे लांब धाग्यांच्या अगदी झिरझिरीत कागदावर दिलेला मेणासारखा थर. टाइपरायटरची रिबन बाजूला करून उघडा खिळा त्यावर आपटायचा. थर बाजूला होतो, धागे मात्र जागेवर राहतात. त्या धाग्यांमुळेच 'ठ' चा पोटातला गोल निखळत नाही. याला टाइप करणं म्हणत नसत, 'स्टेन्सिल कापणं' म्हणत. देवनागरी टाइपरायटर नसेल तर खाली पाटी ठेवून बोथट टोकाच्या लोखंडी लेखणीने हाताने लिहायचं. चूक झाली तर नेलपॉलिशसारख्या वासाचं द्रव त्यावर लावायचं, वाळू द्यायचं आणि त्याच जागी पुन्हा लिहायचं. मग स्टेन्सिल ड्रमवर चढवायची आणि हँडल फिरवायचं. नीट कापलेल्या स्टेन्सिलवर काही शे प्रती सहज निघत, जपून वापरली तर हजारावरही.

छापखान्याकडे जायला पैसे नसतील किंवा जाण्यात धोका असेल तिथे हे यंत्र कामाला आलं. बेचाळीसच्या चळवळीतली आणि पुढे आणीबाणीतली भूमिगत पत्रकं अशीच निघाली. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी मुंबईत 'शब्द' काढलं तेही सायक्लोस्टाइल करूनच. मराठी लघुनियतकालिकांचा इतिहास सांगताना सुरुवात तिथून होते. आपल्या मंडळींच्या वर्गणीच्या याद्या, हळदीकुंकवाची आमंत्रणं, बसवलेल्या नाटकांच्या संहिता यांना कोणी इतिहास म्हणणार नाही. पण चांदनी-नेपानगर भागात मराठी माणसं कशी राहिली, काय करत होती, हे दुसऱ्या कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

आता कागदाबद्दल, कारण तो आपल्या दारचा विषय आहे. सायक्लोस्टाइलची शाई तेलकट. ती वरवर वाळत नाही, कागदात मुरते. म्हणून गुळगुळीत कागद चालत नाही, शाई पिणारा खरबरीत कागद लागतो. वर्तमानपत्राचा कागद त्याच जातीचा. चांदनीला लागून उभा राहिलेला नेपा कारखाना देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. सलईचं लाकूड आणि बांबू हा त्याचा सुरुवातीचा कच्चा माल. लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होत जातो. म्हणजे काळी शाई टिकते आणि तिच्याखालचा कागदच मोडतो. बरीच वर्षं बंद राहून २०२२ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला तो रद्दीपासून कागद करण्यासाठी. आम्ही दिलेला गठ्ठा तिथे पोचला की आणखी कुठे, देव जाणे.

घरात गठ्ठा सापडलाच तर आधी रंग पाहा. काळं, फुगलेलं, कडेला तेलाची पुसट छटा असलेलं अक्षर सायक्लोस्टाइलचं. जांभळं किंवा निळसर जांभळं असेल तर ती स्पिरिटच्या किंवा सरसाच्या यंत्रावरची प्रत. तिच्यातला रंग उजेडाने उडतो, म्हणून तिचा फोटो सगळ्यात आधी. गुळगुळीत फॅक्सचा कागद असेल तर त्याचीही तीच घाई.

गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ते परत काढता येत नाही. घडी उलगडताना कागद चरचरला तर तिथेच थांबा. खिडकीजवळ, ऊन थेट न येता, फोन अगदी सरळ वर धरून फोटो घ्या. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय पुरे, बारीक हस्ताक्षराला ६००. पाठची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो घ्या. हिशेब बहुतेक वेळा तिथेच केलेले असतात.

वाचताना एक ध्यानात ठेवा. हाताने कापलेल्या स्टेन्सिलवर अनुस्वार आणि मात्रा सुटतात, कारण लेखणी तिथे पुरेशी दाबली गेलेली नसते. 'व' आणि 'ब' एकसारखे दिसतात, पोट शाईने भरलेलं असतं. आडनावं उतरवून घेताना अंदाजाने दुरुस्ती करू नका. जसं दिसतं तसं लिहा आणि शंकेची खूण करा. पाटील आणि पाटिल हा वाद मंडळात आधीच पुरेसा झाला आहे.

कोणाकडे वापरलेली स्टेन्सिल वर्तमानपत्रात दुमडून ठेवलेली निघाली, तर ती प्रतीपेक्षाही मोलाची. उजेडासमोर धरली की मजकूर वाचता येतो. आजचं रिझोग्राफ यंत्रही असाच धाग्यांचा मास्टर वापरतं, फक्त तिथे भोकं सुईऐवजी उष्णतेने पडतात. तरुण चित्रकार त्यावर हौसेने पुस्तिका काढतात. आपल्या मुलांपैकी कोणी चित्रकला शिकत असेल तर त्यांना ही जुनी स्टेन्सिल नक्की दाखवा.

मंडळाच्या पुढच्या सभेला कागद घेऊन या. आम्ही तिथेच फोटो घेऊ, कागद तुमच्याच घरी परत जाईल. फोटोंची एक प्रत मंडळाकडे राहील आणि कोणाही सभासदाला मागितली की मिळेल. ज्या काकूंनी, काकांनी शाळेत किंवा ऑफिसात स्टेन्सिल कापल्या आहेत त्यांनी रिकाम्या हाताने आलं तरी चालेल. कोणती लेखणी, किती दाब, शाई हाताला लागली तर कशाने काढायची, हे आम्हाला लिहून घ्यायचं आहे. रॉकेलने काढायचे, असं एक उत्तर आधीच आलं आहे.